शुगरच्या पट्ट्या: मोठी डबी घ्यावी का? फ्रिजमध्ये ठेवावी का?

मुक्ता: बाबांची शुगर आठवड्यातून दोनदाच बघतो. ५० पट्ट्यांची डबी संपता संपत नाही. वरची तारीख अजून लांब आहे, पण परवा मीटरवर १८१ आले आणि लगेच दुसरी पट्टी लावली तर १४५. पट्ट्या खराब झाल्या असतील का? फ्रिजमध्ये ठेवू का?

ऋतुगंध: फ्रिज अजिबात नको. गार पट्ट्या बाहेर काढून डबी उघडली की हवेतला ओलावा त्यांच्यावर धरतो, आणि पट्टी नासते ती ओलाव्यानेच. टोकाशी जे एन्झाइम असतं त्याची रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया होऊन बारीकसा वीजप्रवाह तयार होतो, मीटर तोच मोजतं. एन्झाइम सादळलं की आकड्याचा भरवसा गेला. म्हणून तर डबीतच ओलावा शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. आईला मी क्रमच लावून दिलाय: हात कोरडे, पट्टी काढायची, झाकण टक्‌कन लावायचं, मग सुई. डबी उघडी टाकून बोट पिळत बसलेलं मला बघवत नाही.

छापलेली तारीख न उघडलेल्या डबीची. उघडल्यावर काही पट्ट्या तीन किंवा सहा महिनेच चालतात, काही छापील तारखेपर्यंत. आतल्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तुमच्या वापराने ५० पट्ट्यांना जवळजवळ सहा महिने लागतील. त्यापेक्षा २५ची डबी घ्या, किंवा एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात येते ती. मात्र तुमच्याच मीटरची हवी.

निळाई: एवढा फरक पट्टी चांगली असतानाही पडू शकतो. शुगर मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३च्या आवृत्तीत शुगर १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी १६० असली तर १३६ ते १८४. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा चढतो. आधी साबणाने हात धुऊन बघा.

मुक्ता: आणि जुन्या डबीतल्या उरलेल्या पट्ट्या नव्या डबीत टाकल्या तर?

ऋतुगंध: नका टाकू. लॉट, म्हणजे एकावेळी बनवलेला साठा, वेगळा असतो, आणि कंट्रोल सोल्यूशनचा (मीटर-पट्टी तपासायला ठरावीक ग्लुकोज असलेलं द्रावण) आकडा किती यायला हवा तेही त्या त्या डबीवरच छापलेलं असतं. ते सोल्यूशन मिळालं तर एक थेंब या डबीतल्या पट्टीवर लावून बघा, शंका फिटेल. आकडा त्या मर्यादेत आला नाही तर डबी टाकून द्या, आणि तोवर त्या आकड्यांवरून बाबांचा इन्सुलिनचा किंवा गोळीचा डोस बदलू नका.