स्ट्रोक: पक्षाघात, लकवा की झटका?

पायवाट: घरोघरी जाऊन रक्तदाब मोजणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'स्ट्रोक प्रिव्हेन्शन'ला 'पक्षाघात प्रतिबंध' लिहिलं. एका सेविकेनं वाचून विचारलं, "ताई, बंदी कशावर आहे?" तेव्हापासून अडलेय. काय लिहू?

जुनाशब्द: 'प्रतिबंध'ऐवजी 'टाळणे' चालेल, पण 'पक्षाघात' सोडू नका. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, आघात म्हणजे घाव. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतला शब्द आहे. 'लकवा' मूळ अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ तोंड वाकडं होणं एवढाच.

मेघना: जुनाशब्द, व्युत्पत्ती बरोबर आहे, पण याच शब्दानं आमचा घात केला. पेपर वाचता वाचता वडिलांचे शब्द चुकायला लागले. चष्मा हवा होता आणि ते "चावी दे, चावी दे" म्हणत होते. हातपाय धड. पक्षाघात म्हणजे अंग लुळं पडणं हेच डोक्यात पक्कं, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे दवाखान्यात कळलं, तोवर वेळ टळली होती. दुखणं मेंदूच्या रक्तवाहिनीचं आणि नाव मात्र लुळ्या पडलेल्या अंगाचं!

रानवारा: मग 'मेंदूचा झटका' म्हणा. नुसतं 'झटका' म्हटलं की कुणाला हार्ट अटॅक वाटतो, कुणाला फिट. आमची आजी "अंगावरून वारं गेलं" म्हणायची.

जुनाशब्द: ते 'अर्धांगवायू'चंच बोलीतलं रूप. इंग्रजांचा 'स्ट्रोक'ही आधी 'देवाच्या हातचा फटका' असाच होता. सगळीकडे लोकांना तो दैवाचा घाला वाटला.

मेघना: माझा आक्षेप तिथेच आहे. वारं अडवायला कोण जाणार? पण याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो दारात, दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत कळतो. १४०/९० किंवा त्याच्या वर पुन्हा पुन्हा आला तर उपचार हवेत. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, हे त्याच दारात सांगता येतं.

पायवाट: सेविका सांगतात, लोक म्हणतात "मला बीपी नाही." बीपी तर प्रत्येकाला असतो! तरी 'बीपी वाढलाय' असंच लिहिणार आहे. 'उच्च रक्तदाब' वाचून कुणी मान वर करत नाही. आता 'कम्युनिटी-बेस्ड प्रायमरी हेल्थ केअर'?

जुनाशब्द: 'समुदायाधारित प्राथमिक आरोग्यसेवा'. रूढ आहे.

मेघना: कागदावर रूढ आहे. 'प्राथमिक' वाचून लोकांना मलमपट्टी आठवते. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेल्या १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्यात, माणसं राहतात आणि काम करतात त्याच्या शक्य तितकी जवळ असलेली सेवा, असा अर्थ आहे. 'दाराशी आरोग्यसेवा' लिही.

जुनाशब्द: दाराशी दूधवाला येतो. सेवेला काही प्रतिष्ठा हवी की नको?

पायवाट: प्रतिष्ठेचं नंतर बघू. मथळा अजून कोराच आहे.

रानवारा: मध्येच विचारतो, वारं तुमच्याकडे 'अंगावरून' जातं की 'अंगातून'? आजी 'वरून' म्हणायची, मावशी 'तून' म्हणते, आणि दोघी एकाच घरात वाढल्या.