मदत हवी आहे: दहा मिनिटांच्या शिक्षक-पालक भेटीत वाचनाबद्दल नेमकं काय विचारू?

मुलगी तिसरीत आहे. शनिवारी शिक्षक-पालक भेट आहे आणि वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. मागच्या वेळी "वाचन सुधारायला हवं" एवढं ऐकून मान डोलावून परत आले. सुधारायचं म्हणजे नक्की काय, हे विचारायचंच राहिलं.

या वेळी तयारी म्हणून आठवडाभर रोज तिच्याशेजारी बसून ऐकतेय. साधे शब्द नीट वाचते. जोडाक्षर आलं की 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं. शब्द लांब असला की पहिली दोन अक्षरं बघून बाकीचं ठोकून देते. काल 'सावकाश'ला 'सावली' वाचलं आणि तशीच पुढे गेली. वाक्याला अर्थ उरला नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. पण तीच गोष्ट मी वाचून दाखवली तर बारीकसारीक तपशिलासकट परत सांगते. म्हणजे समजत नाही असं नाही, अक्षरं उलगडण्यातच सगळी ताकद जातेय, असा माझा अंदाज. (डोळे तपासून झालेत, नंबर नाही.)

आता प्रश्न असा, की हे बाईंना तक्रारीचा सूर न लागता कसं सांगू? वर्गात वाचन मोठ्याने वाचून घेऊन तपासतात की फक्त लेखी उत्तरांवरून, हे विचारलेलं चालतं ना? तिच्या वाचनाचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग मोबाईलवर न्यावं म्हणतेय, अति होईल का? नवरा म्हणतो, लेकीला सोबत नेऊ नको. तुम्ही नेता का?

कुणी शिक्षक असाल तर जरूर सांगा, पालकाने काय आणलेलं तुम्हाला खरंच उपयोगी पडतं?