‘डायरेक्ट ड्राइव्ह’: ‘थेट चालन’ की ‘प्रत्यक्ष चालन’?

प्रश्न: औद्योगिक रोबोटांच्या हातांवरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ ही संज्ञा वारंवार येते. ‘प्रत्यक्ष कर’च्या धर्तीवर ‘प्रत्यक्ष चालन’ म्हणावे, की सरळ ‘गिअरविरहित’ लिहावे?

उत्तर: मी ‘थेट चालन’ लिहीन, आणि त्याचे कारण त्या हाताच्या रचनेतच आहे. नेहमीच्या रोबोटात मोटर वेगाने फिरते. तिचा वेग गिअरबॉक्समध्ये कमी करून आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून मग तो सांध्याला दिला जातो. इथे मात्र मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, सांध्यालाच जोडलेला असतो, मध्ये काहीही नसते. ‘थेट गाडी’ म्हणताना आपल्याला हेच अभिप्रेत असते, की वाटेत बदल नाही. ‘प्रत्यक्ष चालन’ वाचून कोणी समोर उभे राहून यंत्र चालवीत असल्याचा भास होतो. ‘गिअरविरहित’ अपुरा पडतो, कारण पट्ट्यावर किंवा साखळीवर चालणाऱ्या सांध्यातही गिअर नसतो, पण ते चालन थेट नव्हे.

हारुहिको असादा आणि ताकेओ कानादे यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात असा हात बांधला, तो गिअरचे दोष टाळण्यासाठीच. लेथचे हँडल उलट फिरवले की ते क्षणभर रिकामे फिरते आणि स्लाइड जागची हलत नाही. कारागीर त्याला ‘प्ले’ म्हणतात, आणि अनुवादातही हाच शब्द ठेवावा असे मला मनापासून वाटते. गिअरच्या दात्यांत हा प्ले असतो, शिवाय घर्षण असते. गिअरचे गुणोत्तर १०० असेल, म्हणजे सांध्याच्या एका फेऱ्यासाठी मोटर १०० फेरे घेत असेल, तर मोटरचे स्वतःचे जडत्व सांध्यापाशी १०० च्या वर्गाने, म्हणजे १०,००० पट जाणवते, त्यामुळे बंद रोबोटाचा हात ढकलून हलवणे फार जड जाते.

थेटपणा दुतर्फा असतो, हे अनुवादात निसटू नये. मध्ये गिअर नसल्याने भाराचे सारे जडत्वही मोटरवरच येते, सगळा टॉर्क तिलाच द्यावा लागतो, म्हणून ती मोठी आणि जड होते. कोपराची मोटर कोपरातच बसवली, तर तिचे ओझे खांद्याच्या मोटरला वाहावे लागते. एमआयटीमध्ये असादा आणि युसेफ-तूमी यांनी दोन्ही मोटरी बुडाशी ठेवून समांतर दांड्यांची जुळणी वापरली, ती याचसाठी. १९८४ च्या ‘ॲडेप्टवन’ या स्कारा, म्हणजे आडव्या पातळीत हात फिरवणाऱ्या, रोबोटात खांदा आणि कोपर यांचे आस उभे असल्याने हाताचे वजन त्या मोटरींना तोलावे लागत नाही. जिथे आस आडवा असतो, तिथे वीज गेली की हात खाली येतो, म्हणून ब्रेक लागतोच.

प्रतिप्रश्न: आपले म्हणणे पटले. मात्र त्याच लेखात ‘क्वासी डायरेक्ट ड्राइव्ह’ही आहे. त्याला ‘अर्धथेट’ म्हणता येईल का?

उत्तर: ‘थेट’चे अर्धे होत नाही, मध्ये काही असते किंवा नसते. एमआयटीच्या ‘मिनी चीता’ या चार पायांच्या रोबोटात ६:१ चा गिअर आहे, म्हणजे जडत्व ३६ पटच वाढते आणि सांधा हाताने सहज फिरतो. गुण थेट चालनाचा, पण गिअर आहेच. ‘मृतप्राय’वरून ‘थेटप्राय’ सुचते, पण ते कानाला खटकते. मी ‘जवळजवळ थेट चालन’ असेच लिहीन, आणि पहिल्या उल्लेखापाशी गुणोत्तर देईन.