एक्सएसएलटी: दर रिकामा असला तरी 'रु. प्रति क्विंटल' छापतंय

कोडकांदा:
मंडळी जरा मदत पाहिजे. बाजारभावाची एक्सएमएल फाईल येते, टॅग मराठीतच आहेत <बाजार> <माल> <दर> असे, ती एक्सएसएलटी १.० ने (एक्सएमएलचं वेबपेज करायची भाषा) पेजवर टेबलात दाखवतोय. ज्या दिवशी लिलाव नसतो त्या दिवशी <दर></दर> असं रिकामं येतं म्हणून एक्सएसएल:इफ (अट खरी असेल तरच छाप) लावलं, टेस्ट="दर", तरीपण नुसतं 'रु. प्रति क्विंटल' दिसतंय, पुढे आकडाच नाही. आणि याचं एल्स, म्हणजे 'नाहीतर हे छाप', कुठे असतं? सकाळपासून शोधतोय, डोकं बधीर झालंय.

चहाबाज:
सापडणार नाही, इफला एल्स नाहीच 😄 चूज घे, आत व्हेन आणि शेवटी अदरवाइज. वरून पहिलं जे व्हेन जुळेल तेवढंच चालतं, खालची बघत पण नाही, तेव्हा क्रम नीट लाव. आणि टेस्ट="दर" म्हणजे दर नावाचा टॅग आहे का एवढंच विचारलंस, आत काही असो नसो. नॉर्मलाइज-स्पेस(दर) लिही, आत नुसता एंटर किंवा स्पेस असला तरी रिकामंच धरेल.

जुनं_खोड:
अजून एक, दर != '' आणि नॉट(दर = '') एकच वाटतात पण नाहीत. टॅगच गायब असेल तर पहिलं खोटं येतं, दुसरं खरं. माझी अख्खी दुपार गेलीय यात.

कोडकांदा:
जमलं! अदरवाइजमध्ये 'लिलाव नाही' टाकलं. पण आता शून्य दर पण लपवायचेत, म्हणून दर शून्यापेक्षा मोठा आहे का अशी टेस्ट टाकली तर सगळ्याच ओळींत 'लिलाव नाही' यायला लागलं??

चहाबाज:
फाईलमधली एक ओळ जशीच्या तशी टाक बघू

कोडकांदा:
<दर>१,८५०</दर>

चहाबाज:
अरे आकडे मराठी आहेत ना! एक्सपाथ १.० ला (टेस्टमध्ये लिहितोस ती भाषा) फक्त इंग्रजी अंक कळतात, बाकी सगळं एनएएन म्हणजे 'हा आकडाच नाही', आणि एनएएन शून्यापेक्षा मोठं पण नाही नि लहान पण नाही. ट्रान्सलेट वापर, ते अक्षराच्या जागी अक्षर बदलतं, एका यादीत मराठी अंक, दुसरीत त्याच क्रमाने इंग्रजी. पहिल्या यादीच्या शेवटी स्वल्पविराम पण टाक, त्याला दुसरीत जोडी देऊ नको म्हणजे तो उडतो. हे फक्त टेस्टमध्ये कर, छापताना मूळ दरच छाप.

कोडकांदा:
चालू झालं राव 🙏 आता फाईल पाठवणाऱ्याने मधेच इंग्रजी आकडे सुरू केले तरी चालेल ना?

जुनं_खोड:
चालेल, यादीत नसलेली अक्षरं ट्रान्सलेट तशीच सोडतं.