विमानांच्या रेडिओ यंत्रणांचे व्यत्ययापासून संरक्षण: आंतरराष्ट्रीय नियम नेमके कुठे पुरे पडतात आणि कुठे अपुरे?

वातचक्र (मूळ प्रश्न)

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजेच आयटीयूची, रेडिओ नियमावली मी सध्या बारकाईने वाचतो आहे. विमानवाहतुकीबाबत तिची भाषा अतिशय ठाम आहे. तरतूद ४.१० मध्ये सदस्य देशांनी मान्य केले आहे की रेडिओ दिशादर्शन आणि इतर सुरक्षा सेवा हानिकारक व्यत्ययापासून मुक्त राहाव्यात यासाठी विशेष उपाय आवश्यक आहेत. तरतूद १५.२८ त्याहून पुढे जाते. उड्डाणाची सुरक्षितता आणि नियमितता ज्या प्रक्षेपणांवर अवलंबून आहे त्यांना संपूर्ण आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालेच पाहिजे, आणि व्यत्यय निदर्शनास येताच प्रशासनांनी तत्काळ कृती करावी, असे ती सांगते.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांवरील रेडिओ अल्टिमीटरसाठी, म्हणजे विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणांसाठी, राखून ठेवलेला असताना, अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झमध्ये ५जी सुरू होण्याच्या वेळी एवढा मोठा वाद का उद्भवला? दोन्ही पट्ट्यांमध्ये २२० मेगाहर्ट्झचे अंतर आहे आणि कोणीही दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेले नव्हते. दुसरी शंका अशी की आयटीयूला दंड करण्याचा किंवा एखादे प्रक्षेपण बंद पाडण्याचा अधिकारच नाही. मग जीपीएसचे संदेश जाणूनबुजून दाबले जातात तेव्हा या नियमांचा उपयोग काय? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

स्थिरलहर

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत, पण त्यांच्याकडे वळण्याआधी नियमावलीतील हानिकारक व्यत्ययाची व्याख्या, म्हणजे तरतूद १.१६९, पुन्हा एकदा वाचावी अशी विनंती आहे. सर्वसाधारण रेडिओ सेवेच्या बाबतीत व्यत्यय हानिकारक ठरण्यासाठी त्याने सेवेचा दर्जा गंभीरपणे खालावला पाहिजे, तिला अडथळा आणला पाहिजे किंवा ती वारंवार खंडित केली पाहिजे. दिशादर्शन आणि अन्य सुरक्षा सेवांसाठी मात्र सेवेचे कार्य धोक्यात येणे एवढेच पुरेसे आहे. ती बंद पडण्याची वाट पाहावी लागत नाही. संपूर्ण संरक्षणव्यवस्था या फरकावर उभी आहे, आणि म्हणूनच विमान यंत्रणांसाठी सुसंगततेचा अभ्यास करताना गणितातून निघालेल्या मर्यादेवर साधारणपणे आणखी ६ डेसिबलची सुरक्षा सीमा ठेवतात. याचा अर्थ असा की एरवी चालली असती त्याच्या एक चतुर्थांश शक्तीचाच व्यत्यय मान्य केला जातो.

आंतरराष्ट्रीय नियमांची गरज या क्षेत्रात एवढी तीव्र का, याचे कारण विमानाच्या उंचीत आहे. सुमारे १०,००० मीटर उंचीवरील विमानाचे रेडिओ क्षितिज, म्हणजे रेडिओ संदेश थेट पोहोचण्याची हद्द, ४०० किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे एकाच क्षणी अनेक देशांतील प्रक्षेपक त्याच्या अँटेनाच्या थेट दृष्टिपथात येऊ शकतात. जमिनीवरच्या रिसीव्हरला टेकड्या आणि इमारती आडोसा देतात. विमानाला असा कोणताच आडोसा नसतो. ११७.९७५ ते १३७ मेगाहर्ट्झमधील वैमानिक-नियंत्रक संभाषण असो की १०३० आणि १०९० मेगाहर्ट्झवरील दुय्यम रडार (जमिनीवरून विचारणा करून विमानाकडून उत्तर घेणारे) असो, शेजारी देशाने त्या वारंवारितेचे काय केले यावर आपल्या आकाशातील सुरक्षितता ठरते.

आता रचनेविषयी. आयटीयूच्या नियमावलीतील कलम ५ मध्ये कोणता पट्टा कोणत्या सेवेला, हे ठरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, शिकागो कराराच्या परिशिष्ट १० मध्ये त्या पट्ट्यांत चालणाऱ्या उपकरणांची मानके ठरवते. प्रत्यक्ष परवाना देणे, तपासणी करणे आणि कारवाई करणे ही कामे देशाच्या प्रशासनाची आहेत. येथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत आयकाओ निरीक्षक म्हणून उपस्थित असते. निर्णय घेण्याचा अधिकार सदस्य देशांचा असतो. प्रत्येक परिषदेआधी आयकाओ आपली भूमिका लेखी प्रसिद्ध करते, परंतु देशाच्या शिष्टमंडळात विमानवाहतूक जाणणारी व्यक्तीच नसेल आणि सगळी तयारी दूरसंचार खात्याने केलेली असेल, तर ती भूमिका मांडायला त्या देशाच्या बाजूने कोणी उभेच राहत नाही. मला वाटते की पट्टे गमावण्याचा खरा धोका तिथे आहे.

उलट एकमत झाले तर ही व्यवस्था वेगानेही चालते. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचे एमएच३७० हे विमान बेपत्ता झाल्यानंतर, २०१५ च्या परिषदेतच १०८७.७ ते १०९२.३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात विमानाकडून उपग्रहाकडे जाणाऱ्या संदेशांना मान्यता देण्यात आली आणि महासागरांवरही विमानांचा माग ठेवण्याला भक्कम नियामक आधार मिळाला.

मापनमेज

अल्टिमीटरच्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचण्या हेच माझे काम आहे.

व्यत्यय दोन वाटांनी येतो, आणि पट्टेवाटप त्यांपैकी मुख्यतः एकाच वाटेवर पहारा ठेवते. पहिली वाट म्हणजे मोबाइल मनोऱ्यातून बाहेर पडणारी अनावश्यक ऊर्जा थेट ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झमध्ये सांडणे. ही चूक प्रक्षेपकाची असते आणि तिच्यावर मर्यादा घालता येते. दुसरी वाट अशी की मनोरा आपल्या हद्दीत अगदी शिस्तीत प्रक्षेपण करतो, पण अल्टिमीटरच्या रिसीव्हरचे पुढचे दारच इतके रुंद असते की शेजारच्या पट्ट्यातील जोरदार संदेश आत शिरून पहिल्या अॅम्प्लिफायरला गुदमरवून टाकतो. अमेरिकेतील वाद मुख्यतः या दुसऱ्या वाटेचा होता.

याला इतिहास आहे. सेवेत असलेल्या अनेक अल्टिमीटरची मानके १९७० आणि १९८० च्या दशकांतली आहेत. त्या काळी खालच्या बाजूचा ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा शेजार उपग्रहांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण संदेशांचा होता, त्यामुळे कडक फिल्टर बसवण्याची निकड कोणाला भासली नाही. पुढे शेजारी बदलला, पण विमानातले उपकरण तेच राहिले. ५जी सेवा ५ डिसेंबर २०२१ रोजी सुरू व्हायची होती, ती १९ जानेवारी २०२२ पर्यंत लांबली, विमानतळांभोवती मनोऱ्यांवर निर्बंध आले, आणि पुढे विमानांत फिल्टर किंवा नवे अल्टिमीटर बसवून घेण्यात २०२३ उजाडले.

चाचणीच्या मेजावर ही गोष्ट नीट दिसते. अल्टिमीटरला एका ठरावीक उंचीइतका विलंब देणारी केबल जोडायची, सिग्नल जनरेटरने शेजारच्या पट्ट्यातला संदेश मिसळायचा आणि त्याची शक्ती थोडी थोडी वाढवत न्यायची. बराच वेळ काहीच घडत नाही. मग आकडा काही फुटांनी थरथरू लागतो, आणि शेवटी उपकरण स्वतःच कळवते की मोजमाप उपलब्ध नाही. हा शेवटचा टप्पा त्यातल्या त्यात बरा, कारण यंत्रणेला निदान आपण आंधळे झालो आहोत हे समजते. खरी भीती मधल्या टप्प्याची असते, जिथे आकडा चुकीचा असूनही वैध म्हणून पुढे पाठवला जातो. २५ फेब्रुवारी २००९ रोजी अॅम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ तुर्किश एअरलाइन्सचे विमान कोसळून नऊ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी कारण रेडिओ व्यत्ययाचे नव्हते, अल्टिमीटरच बिघडलेला होता. पण विमान हवेत असताना त्याने उणे आठ फूट उंची दाखवली आणि ऑटोथ्रॉटलने इंजिनांची शक्ती उतरवली. चुकीच्या आकड्यावर इतर यंत्रणा किती विश्वास टाकतात हे त्यातून कळते.

असा प्रश्न पूर्वी एकदा नीट सोडवला गेला आहे. एफएम प्रसारण १०८ मेगाहर्ट्झला संपते आणि तिथूनच विमान उतरवण्यासाठीच्या आयएलएस यंत्रणेतील लोकलायझरचा (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या प्रक्षेपकाचा) व दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर केंद्रांचा पट्टा सुरू होतो. समजा १०७.१ आणि १०४.३ मेगाहर्ट्झवर दोन शक्तिशाली एफएम केंद्रे आहेत. रिसीव्हर अतिभाराखाली आला की त्याच्या आतच पहिल्याची दुप्पट वजा दुसरी, म्हणजे १०९.९ मेगाहर्ट्झ, असा तिसरा संदेश तयार होतो, आणि १०९.९ ही लोकलायझरची अधिकृत वारंवारिता आहे. हवेत तिथे कोणीही प्रक्षेपण केलेले नसते, तरीही रिसीव्हरला ते ऐकू येते. यावर आयटीयूने एफएम केंद्रे आणि विमान यंत्रणा यांच्यातील सुसंगतता तपासण्याची गणितपद्धती दिली, आणि आयकाओने अशा संदेशांना दाद न देणाऱ्या रिसीव्हरची मानके आणून त्यांच्यासाठी १ जानेवारी १९९८ ही तारीख ठरवली. दोन्ही बाजूंनी आपापला वाटा उचलला. ५जीच्या बाबतीत हे काम पट्ट्याच्या लिलावाच्या आधी व्हायला हवे होते, नंतर नव्हे.

वातचक्र

मापनमेज, १०९.९ चे उदाहरण फार उपयोगी पडले. पट्टे वेगळे असूनही व्यत्यय कसा होतो हे आता स्पष्ट झाले. मात्र यावरून असे दिसते की रिसीव्हरचा दर्जा हा संरक्षणाचा अर्धा भाग आहे, आणि रेडिओ नियमावली मुख्यतः प्रक्षेपकांविषयीच बोलते. माझी दुसरी शंका अजून शिल्लक आहे.

ध्रुवदिशा

दुसऱ्या शंकेबाबत मी स्थिरलहर यांच्याइतका आश्वस्त नाही. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत रिसीव्हरच्या स्वतःच्या औष्णिक गोंगाटापेक्षाही क्षीण झालेला असतो. तो दाबायला मोठी यंत्रणा लागत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाच्या परिसरात एका वाहनचालकाने आपल्या गाडीचा माग लागू नये म्हणून लहानसा जॅमर (जीपीएसचे संदेश दाबणारे उपकरण) लावला होता आणि त्यामुळे विमानतळावरील उपग्रहाधारित अवतरण यंत्रणेत व्यत्यय आला. २०१३ मध्ये तेथील नियामकाने त्याला सुमारे ३२,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. हे प्रकरण तडीस जाऊ शकले, कारण जॅमर आणि नियामक एकाच देशात होते.

व्यत्ययाचा उगम सीमेपलीकडे असेल आणि त्यामागे लष्करी हेतू असेल तर चित्र पालटते. आयटीयूच्या घटनेतील कलम ४८ लष्करी रेडिओ यंत्रणांबाबत देशांना पूर्ण स्वातंत्र्य देते. हानिकारक व्यत्यय टाळण्याची अपेक्षा तिथे आहे, पण ती शक्य तेवढ्या प्रमाणात, अशा सौम्य शब्दांत. बाल्टिक परिसरातील देशांनी आपल्या तक्रारी आयटीयूपर्यंत नेल्या, तरी व्यत्यय थांबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये फिनएअरची दोन विमाने एस्टोनियातील टार्टू येथे न उतरता हेलसिंकीला परतली. त्यानंतर कंपनीने २९ एप्रिलपासून महिनाभर ती सेवा थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. जीपीएसविना उतरण्याची पर्यायी पद्धत तयार झाल्यावरच उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

या घटनेतून मी काढतो तो निष्कर्ष तांत्रिक आहे. खोटे किंवा दिशाभूल करणारे संदेश पाठवण्यास तरतूद १५.१ ने मनाई केलेलीच आहे, म्हणजे नव्या मनाईची उणीव नाही. उणीव आहे ती पर्यायांची. डीएमई (विमानाचे केंद्रापासूनचे अंतर मोजणारी), व्हीओआर आणि आयएलएस या जमिनीवरील यंत्रणा जुन्या झाल्या म्हणून मोडीत काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी टार्टूचा विचार करावा. या यंत्रणा टिकवायच्या तर त्यांचे पट्टेही टिकले पाहिजेत, आणि डीएमईच्या ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्याकडे इतर सेवांचे लक्ष असताना हे आपोआप होणार नाही. संवेदनशील रिसीव्हर, क्षीण संदेश आणि एकच आधार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कोणताही करार विमानाला त्या क्षणी मदत करू शकत नाही.

स्थिरलहर

ध्रुवदिशा यांच्या पर्यायी यंत्रणांविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. हेतुपुरस्सर व्यत्ययापुढे नियम एकटे अपुरे आहेत हेही मान्य. तरीही तक्रारीचा मार्ग निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. २०२३ च्या दुबई येथील परिषदेने उपग्रहीय दिशादर्शनातील व्यत्यय रोखण्यासाठी स्वतंत्र ठराव क्रमांक ६७६ संमत केला, आणि मार्च २०२५ मध्ये आयटीयू, आयकाओ व आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी एकत्रितपणे देशांना दिशादर्शन उपग्रहांच्या संदेशांचे संरक्षण करण्याचे आवाहन केले. नोंदवलेल्या तक्रारींचा साठा हाती नसता तर तीन संघटनांना एकत्र बोलण्यास आधार मिळाला नसता.

अडचण बऱ्याचदा तक्रारीच्या गुणवत्तेत असते. वैमानिक नियंत्रकाला तोंडी सांगतो, नियंत्रक नोंदवहीत एक ओळ लिहितो, आणि देशाच्या स्पेक्ट्रम प्रशासनापर्यंत काहीच पोहोचत नाही किंवा तपास करता येणार नाही इतके त्रोटक पोहोचते. दुसऱ्या देशाशी आणि आयटीयूशी अधिकृत पत्रव्यवहार करण्याचा अधिकार मात्र त्या प्रशासनालाच आहे. आयटीयूच्या रेडिओ नियमावलीच्या परिशिष्ट १० मध्ये (शिकागो कराराच्या नव्हे) हानिकारक व्यत्ययाच्या अहवालाचा नमुना दिलेला आहे. वातचक्र, आपल्या अभ्यासासाठी तो जरूर पाहावा. समन्वित जागतिक वेळेनुसार सुरुवात व शेवट, बाधित वारंवारिता, विमानाचे अक्षांश-रेखांश व उंची, व्यत्ययाचे स्वरूप आणि शक्य असल्यास उगमाची दिशा, एवढे जरी अनेक विमानांकडून एकाच घटनेबद्दल मिळाले, तरी प्रत्येकाच्या रेडिओ क्षितिजाची वर्तुळे नकाशावर काढून उगमाचा परिसर बराच आवळता येतो. सुरक्षा सेवेला व्यत्यय होत असल्याची अशी तक्रार मिळालेल्या प्रशासनाने तातडीने चौकशी करून उपाययोजना करणे आणि वेळेत उत्तर देणे तरतूद १५.३७ नुसार बंधनकारक आहे.