वुंटची बुद्धी की लाइपझिगचं विद्यापीठ?

वैदेही: "१८७९ साली वुंटने स्वतःच्या बुद्धीवर मानसशास्त्राचं विज्ञान केलं, लाइपझिग विद्यापीठाने दिली ती फक्त खोली," असं काल गोदाकाठ यांनी जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट आणि त्याच्या प्रयोगशाळेबद्दल लिहिलं. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते. केंब्रिजला १८७७ मध्ये वॉर्ड आणि व्हेन या तिथल्या अभ्यासकांनी अशीच प्रयोगशाळा मागितली होती. नाही मिळाली. त्यांना काय बुद्धी नव्हती? जर्मनीत डॉक्टरेटसाठी स्वतःचं संशोधन लागायचं, म्हणून वुंटकडे विषय मागायला पोरं येत. तो विषय वाटून देई, ती एकमेकांवर प्रयोग करत, आणि ते छापायला १८८१ पासून त्याचं स्वतःचं नियतकालिक होतंच. १८८३ मध्ये वुंटला ब्रेस्लाऊ विद्यापीठाचं बोलावणं आलं, तेव्हा कुठे लाइपझिगने पगार आणि जागा वाढवली. विद्यापीठांची ही चढाओढ नसती, तर खोली खोलीच राहिली असती.

गोदाकाठ: पदव्यांच्या कारखान्यातून विज्ञान निघत नाही. फेश्नरचा मनोभौतिकीवरचा, म्हणजे उद्दीपक आणि संवेदना यांचं नातं मोजण्यावरचा, ग्रंथ १८६० चा. त्याच्याकडे कुठे होती विद्यार्थ्यांची फौज?

वैदेही: फेश्नर लाइपझिगचाच प्राध्यापक, संवेदनांवर प्रयोग करणारा वेबरही तिथलाच. हे दोघं काय रानात बसले होते?

निशिगंध: मला त्या "एकमेकांवर" शब्दावर बोलायचंय. लाइपझिगला आज प्रयोगकर्ता असलेला उद्या प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, व्हायचा, वुंट स्वतः प्रयोज्य म्हणून बसायचा आणि अहवालात नावं छापली जायची. आमच्या एम.ए.च्या प्रॅक्टिकलला निरर्थक शब्दांशांचं पाठांतर होतं: सगळी यादी एकदम (अखंड) की तुकड्या-तुकड्याने (खंडशः) लवकर पाठ होते, ते बघायचं. माझ्या जोडीदारणीला खंडशः लवकर पाठ झालं. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात उलट आहे, आकडे बदला, एक्स्टर्नल येणारेत." तिचं अंतर्निरीक्षण, म्हणजे प्रयोगात मनात काय चाललं होतं ते,सुद्धा मॅडमनीच सांगितलं. तिला काय वाटलं, ते कुणी विचारलंच नाही!

गोदाकाठ: तुमच्या कॉलेजचं रडगाणं इथे कशाला?

निशिगंध: रडगाणं? दोन वर्षं घातलीत मी त्यात. प्रयोज्याचं म्हणणं खरं मानायचं की नाही, हे त्या त्या विभागाची रीत ठरवते. वैदेहीताईंचा मुद्दा हाच आहे ना?

अवंती: लाइपझिगमधल्या समान वागणुकीचे इतके गोडवे गाऊ नका. लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत मुलींना रीतसर प्रवेश १९०६ मध्ये मिळाला. अमेरिकेत हार्वर्डला मानसशास्त्राच्या मेरी कॅल्किन्सने १८९५ मध्ये परीक्षा दिली, परीक्षकांनी वाखाणली, तरी विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. का, तर बाई! विद्यापीठाने विज्ञान घडवलं म्हणता, मग कुणाला बाहेर ठेवून घडवलं तेही लिहा.

वैदेही: लिहायला हवं होतं. मी फक्त आत असलेल्यांचंच बोलले.

गोदाकाठ: वॉर्ड-व्हेनचं मला माहीत नव्हतं. "फक्त खोली" हे शब्द मागे घेतो, फेश्नर मात्र सोडणार नाही. निशिगंध, मघाशी जास्त बोललो. ते खरे आकडे गेलेच का?

निशिगंध: नाही. जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलेत, तिच्या नावासकट.