‘टेस्टिंगच्या परिषदा म्हणजे पंचतारांकित सहल’ : उत्तर तिथे मावेना म्हणून वेगळा धागा

कवडीपाट

रिग्रेशनरावांचा लेख काल रात्री वाचला आणि झोप उडाली. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: राव अठरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेत, आयसीएसटी, आयएसएसटीए, टाकास वगैरे परिषदांतून आजवर एक चीज त्यांच्या टेबलावर आलेली नाही, प्राध्यापक मंडळी त्याच पाच जावा प्रोजेक्टांवर तेच प्रयोग उगाळतात आणि मग नॉर्वेच्या फ्योर्डच्या (समुद्राच्या अरुंद खाडीच्या) काठी फोटो काढतात.

आधी फ्योर्डचं मिटवू. आयसीएसटी २००८ साली नॉर्वेतल्या लिलेहामरला सुरू झाली. तिथे फ्योर्ड नाही, तळं आहे. बग लिहिताना एवढी तरी खात्री करत जा.

आता मुद्दा. राव, तुमच्या रात्रीच्या बिल्डला फझर (प्रोग्रामला वेडावाकडा मजकूर चारून पाडून बघणारं हत्यार) लागतो की नाही? तो आला कुठून? १९८८ साली विस्कॉन्सिनचे बार्टन मिलर घरून फोनच्या तारेवरून लॉगिन करत होते. बाहेर वादळ, तारेवर खरखर, आणि त्या खरखरीतून घुसलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांनी युनिक्सचे साधे साधे प्रोग्राम पटापट आडवे व्हायला लागले. दुसरा कोणी फोन कंपनीला शिव्या घालून झोपला असता. यांनी वर्गातल्या पोरांना तेच प्रोजेक्ट दिलं. तपासलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले. १९९० साली पेपर आला, आज सगळं जग फझिंग करतं.

सीस्मिथ घ्या. २०११चा पेपर. यदृच्छेने सी भाषेतले प्रोग्राम बनवून कंपायलरांना (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामांना) खाऊ घातले आणि सव्वातीनशेहून जास्त बग काढले. ज्या कंपायलरवर तुमचं घर चालतं, त्यांतले. स्लॅम घ्या. विंडोजचे ड्रायव्हर तपासायला मायक्रोसॉफ्टमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी केलं, त्यासाठी २०११चा कॅव्ह परिषदेचा पुरस्कार मिळाला. विंडोज कोसळल्यावरचा निळा पडदा पूर्वीइतका दिसत नाही ना? मग.

वाढपी दिसला नाही म्हणून स्वयंपाकघरच नाही म्हणायचं, आणि वर ढेकर द्यायचा!

रिग्रेशनराव

तळं मान्य. आता माझा बग बघा, पायऱ्यांसकट लिहितो.

मिलर यांचा १९९०चा पेपर कुठे छापून आला? कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएममध्ये. ते मासिक आहे. सीस्मिथ? पीएलडीआय, प्रोग्रामिंग भाषावाल्यांची परिषद. स्लॅम त्याच गोतावळ्यातलं. तुम्ही विसरलात ती मीच देतो: आपोआप टेस्ट बनवणारं क्ली ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांच्या ओएसडीआयमध्ये, २००८. दिलेला गुणधर्म यदृच्छेने बनवलेल्या डेटावर तपासणारं क्विकचेक फंक्शनल भाषावाल्यांच्या आयसीएफपीमध्ये, २०००. आणि ज्याने फझिंग खरोखर घरोघरी नेलं ते एएफएल हे हत्यार झालेव्स्की नावाच्या एका माणसाने केलं आणि सरळ नेटवर टाकलं.

म्हणजे तुमचं एकूण एक उदाहरण शेजारच्या घरातलं. मी टेस्टिंगच्या परिषदांबद्दल बोललो होतो. तुम्ही माझ्याच मुद्द्याला पुरावे आणून दिलेत, आभारी आहे. ढेकर मीच देतो.

इति सिद्धम्

दोघंही चुकीच्या झाडावर चढलात. टेस्टिंगने बग आहे हे कळतं, बग नाही हे कधीच कळत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा १९६९ सालीच सांगून गेले. सीस्मिथच्या पेपरात खरी गंमत पुढे आहे: तपासलेला प्रत्येक कंपायलर पडला, पण कॉम्पसर्ट नावाच्या कंपायलरच्या ज्या भागाची गणिती सिद्धता दिलेली होती तिथे चुकीचं कोड बनवणारा बग सापडला नाही. जे सापडले ते सिद्ध न केलेल्या भागांत. यानंतर वाद कसला?

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या साच्यात २१ खण, कोड पुरवतोय २०, एकविसावा वाचायला गेला आणि ८५ लाख विंडोज मशिनं झोपली. हे सिद्धतेच्या पहिल्या इयत्तेचं गणित आहे.

रिग्रेशनराव

सिद्धम् साहेब, एसईएलफोर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या सी भाषेतल्या ८,७०० ओळी सिद्ध करायला दोन लाख ओळींची सिद्धता लागली. आमच्याकडे चाळीस लाख ओळी आहेत, त्यातल्या निम्म्या लिहिणारा माणूस कॅनडाला गेलाय. कधी येताय?

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

क्यूएवहिनी

सगळे पुरुष पेपरांची नावं मोजताहेत म्हणून जरा धीर करून लिहिते. मी चौदा वर्षं मॅन्युअल टेस्टर आहे. हो, मॅन्युअल, हाताने तपासणारी. कंपनीने एकदा अशाच एका परिषदेला पाठवलं होतं. व्यासपीठावरच्या साहेबांच्या पहिल्याच स्लाइडवर तुटलेला कीबोर्ड आणि खाली ‘मॅन्युअल टेस्टिंगला श्रद्धांजली’. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत, गळ्यात बिल्ला, हातात त्यांनीच दिलेली पिशवी.

आता माझी गोष्ट. एका बँकेचं काम. पासबुकावर खातेदाराचं नाव मराठीत छापायचं. ऑटोमेशनचे सातशे टेस्ट हिरवेगार, म्हणजे पास. रिलीज शुक्रवारी रात्री. मी आपलं सहज सासऱ्यांचं नाव टाकलं आणि छापून आलं ‘लक्ष्मीकां’. खण तीस बाइटांचा, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे चिन्हं दहाच. बोटांवर मोजलं: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, क, काना, अनुस्वार. दहा. त अकरावा, तो बाहेर. आणि टेस्ट डेटात कोण? राम, सीता आणि ‘टेस्ट टेस्ट’.

डेव्हलपर म्हणतो, मॅम ही एज केस आहे, क्वचित घडणारी. महाराष्ट्रात लक्ष्मीकांत एज केस!

हे कुठल्या परिषदेच्या कुठल्या हत्याराने धरलं असतं सांगा. आणि ते जाऊ द्या. नणंदेच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे मला विचारतात, “टेस्टिंगला का? डेव्हलपमेंटला प्रयत्न नाही केला?” तुमचे पेपर आणि ते मामा एकाच सुरात बोलतात.

चहाटळ

वहिनी, माझ्या बायोडेटात आईने ‘टेस्टर’ खोडून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर (क्वालिटी)’ लिहिलं होतं. तरी एका स्थळाने विचारलंच, क्वालिटी म्हणजे कारखान्यात का?

भाकरवडी ४११०३०

आमच्याकडे डेव्हलपरांची आणि टेस्टरांची बससुद्धा वेगळी होती. शपथेवर. डेव्हलपरांच्या बसला एसी.

रिग्रेशनराव

अप्रेझलचं तर बोलूच नका. बग जास्त काढले तर ‘नकारात्मक स्वभाव’, कमी काढले तर ‘लक्ष नाही’. मी सलग तीन वर्षं दोन्ही ऐकलंय, एकाच मॅनेजरकडून.

कवडीपाट

हे सगळं दुःखद आहे, पण विषय वेगळा आहे. लग्नं आणि बसची चर्चा दुसऱ्या धाग्यावर नेता येईल का?

क्यूएवहिनी

अगदी हेच! टेस्टरने तोंड उघडलं की ‘आउट ऑफ स्कोप’. तुमच्या परिषदांत टेस्टिंग असतं, टेस्टर नसतो. नेते हो दुसऱ्या धाग्यावर, हवं तर बगसारखं तिकीटच काढून देते.

इति सिद्धम्

वहिनी, रागवू नका, पण तुमचा बग साध्या गुणधर्माने सापडतो. नाव लिहा, परत वाचा, दोन्ही सारखी हवीत. क्विकचेक हजार नावं स्वतः बनवेल. माणसाची गरजच नाही.

क्यूएवहिनी

स्पेक (काय बनवायचं ते लिहिलेला कागद) वाचलंत का? नाही, कारण तुम्ही लोक वाचत नाही. स्पेकमध्येच लिहिलंय: नाव छपाईच्या रुंदीत बसलं नाही तर कापावं. म्हणजे सारखं नसलं तरी चालतं. आता लिहा गुणधर्म.

इति सिद्धम्

मग असा: जोडाक्षर मधेच फुटता कामा नये.

क्यूएवहिनी

‘लक्ष्मीकां’मध्ये कुठलं जोडाक्षर फुटलंय? ‘कां’ अख्खा आहे. तुमचा टेस्ट हिरवा. अभिनंदन. ‘नाव अपुरं वाटू नये’ एवढाच गुणधर्म आहे माझा, लिहून दाखवा.

कवडीपाट

याला ऑरॅकलचा प्रश्न म्हणतात. उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचं कोणी? टेस्टिंगच्या परिषदांत यावर आख्खी सत्रं असतात. म्हणजे वहिनींनी जी अडचण लग्नाच्या गोष्टीत गुंडाळून सांगितली, तीच. (वहिनी, आधीच्या वाक्याबद्दल माफी. बसची गोष्ट मात्र अजूनही विषयाबाहेर.)

आणि राव, शेजारच्या घराचा टोला लागला, कबूल. पण तुमच्याही घरात बघा. हिल्डेब्रांट आणि झेलर, आयएसएसटीए, २०००. मोझिला छापताना कोसळायचा, पान ८९६ ओळींचं. यांच्या प्रोग्रामने ते आपोआप तुकडे टाकत टाकत एका ओळीवर आणलं, त्यात एक सिलेक्ट टॅग. ५०० मेगाहर्ट्झच्या पीसीवर ३५ मिनिटं, १३९ टेस्ट. ज्या ‘पाच जावा प्रोजेक्टां’ना तुम्ही हसलात ते डिफेक्ट्सफोरजे, म्हणजे खऱ्या बगांचा संग्रह, तेसुद्धा आयएसएसटीएचंच, २०१४चं. त्याआधी लोक दीडेकशे ओळींच्या प्रोग्रामवर पेपर काढायचे. ३५७ खरे बग एकत्र मिळाले ही प्रगतीच होती. दहा वर्षं सगळ्यांनी त्यावरच मुक्काम ठोकला ही मात्र लाज आहे, ते तुमचं बरोबर.

शिवाय टाकासबरोबर २०१२पासून व्हेरिफिकेशन (प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करणाऱ्या) हत्यारांची स्पर्धा होते. पुण्यात, टीसीएसच्या संशोधन शाखेत बनलेलं व्हेरिअ‍ॅब्स २०२० आणि २०२१ला रीचसेफ्टी गटात पहिलं आलं. आपल्या गावचं पोरगं जिंकलं तर आपण बॅनर लावतो. इथे कुणी नाव ऐकलं होतं?

रिग्रेशनराव

स्पर्धेचे प्रोग्राम स्पर्धेसाठीच. आखाड्यातली कुस्ती आणि स्वारगेटची गर्दी यात फरक असतो.

कवडीपाट

२०१७च्या ऑक्टोबरात एटीव्हीए ही व्हेरिफिकेशनची परिषद पुण्यातच भरली होती. फ्योर्ड नाही, तळं नाही, मुळा-मुठा. गेलात?

रिग्रेशनराव

कळलंच नाही. कळलं असतं तरी मॅनेजरने विचारलं असतं, बिल कोणाच्या नावावर टाकू?

खडूफळा

मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तुम्ही ज्यावर भांडताय त्या परिषदा माझ्यासाठी चंद्रावर आहेत. एकदा परदेशातल्या वर्कशॉपला पेपर लागला. नियम असा की एका तरी लेखकाने नोंदणी करायची, नाहीतर पेपर बाद. ती फी म्हणजे माझे दोन महिने. उसनवारी करून भरली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली परिषद संपल्यानंतर नऊ दिवसांची.

इकडे आमच्या कॉलेजची ‘आंतरराष्ट्रीय परिषद’. एका दिवसात ६४ पेपर. प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलन करून पोहे खाऊन गेले. आंतरराष्ट्रीय का, तर एक नेपाळी विद्यार्थी होता, आमच्याच वसतिगृहातला. माझ्या सत्रात तीन पेपर सेलेनियम या टेस्टिंगच्या हत्यारावर, तिन्हींत एकच आकृती, एकाच ठिकाणी स्पेलिंगची चूक. अध्यक्ष म्हणाले, एनी क्वेश्चन्स? नो? थँक्यू. मी हात वर केला तर म्हणतात, सर, जेवण थंड होतंय.

म्हणून रिग्रेशनराव, सहल वाटेल तेवढी हिणवा, पण खऱ्या परिषदेत निदान तिघेजण पेपर वाचून नाकारतात. आम्हाला नाकारायलाही कोणी नाही.

चहाटळ

पॉपकॉर्न ठेवलं बाजूला.

रिग्रेशनराव

खडूफळा सर, तुमच्यापुढे बोलती बंद.

कवडीपाट, तो तुकडे टाकायचा पेपर आज लोकलमध्ये वाचला. दुपारी एका ४१२ ओळींच्या जेसनवर (डेटाच्या फाइलीवर) तशीच एक स्क्रिप्ट चालवून बघितली, तीन ओळी उरल्या. दोन दिवस त्या फाइलीकडे बघत बसलो होतो. तरी ‘पंचतारांकित’ मागे घेत नाही. फार तर तीन तारे.

क्यूएवहिनी

छान. आता माझं ‘अपुरं वाटू नये’ कोणी लिहिलं का?

कवडीपाट

रात्रीपासून लागलोय. दहा हजार मराठी नावांवरून शेवटची अक्षरं शिकवली. ‘लक्ष्मीकां’ पकडतोय. ‘त्र्यंबकेश्वर’ कापून ‘त्र्यंबकेश’ केलं की मात्र म्हणतो, छान नाव आहे.